पाहुणी म्हणून डोंगरात: ब्लॅक बायकांच्या हायकिंग ग्रुपसोबत पहिल्यांदा जाताना

मी मूळची जुन्नरची. शिवनेरी, जीवधन, नाणेघाट हे आमचं परसदार. त्यामुळे 'डोंगरात चालायला शिकायचं काय असतं' असा एक फाजील तोरा माझ्यात होता. व्हर्जिनियात येऊन अकरा वर्षं झाली. २०२१ च्या मे महिन्यात आई गेली. जाता आलं असतं, पण परत येता येईल याची खात्री नव्हती. अग्नी व्हिडिओ कॉलवर पाहिला, फोन पालथा ठेवला आणि दुपारच्या मीटिंगला बसले. पुढची दोन वर्षं मी धड झोपले नाही आणि धड रडलेही नाही.

ऑफिसातली माझी मैत्रीण ब्लॅक आहे, अटलांटाकडची. एक दिवस ती म्हणाली, "शनिवारी आमच्याबरोबर चल. बोललंच पाहिजे असं काही नाही." मी गेले आणि अजूनही जाते. पण पहिल्या दोन-तीन वेळा मी इतके गोंधळ घातले की आता आठवलं तरी कान गरम होतात. तुम्ही अमेरिकेत असाल आणि तुम्हालाही कुणी असं बोलावलं असेल, तर तुमचे तरी कान वाचावेत म्हणून हे लिहितेय.

एक खुलासा. आपल्या पेपरांत 'कृष्णवर्णीय' लिहितात. या बायका स्वतःला ब्लॅक म्हणवतात, म्हणून मीही तेच लिहिते. जुन्या मराठी पुस्तकांतला 'न'ने सुरू होणारा शब्द तुमच्या तोंडात बसलेला असेल, तर तो आधी काढून टाका.

## १. आधी विचारा: मी आलेली चालेल का?

आपली माणसं पहिली चूक इथेच करतात. हे ग्रुप सगळे एका तऱ्हेचे नसतात. काही फक्त ब्लॅक बायकांसाठी असतात, तिथे जायचं नाही आणि वाईटही वाटून घ्यायचं नाही. काहींत एखादी सदस्य आपल्या मैत्रिणीला आणू शकते. काही सर्वांना खुले असतात, फक्त चालवणाऱ्या ब्लॅक बायका असतात.

माहेरवाशिणी माजघरात गप्पा मारत बसल्या असताना शेजारीण येऊन टेकली, की बोलणं बदलतं. शेजारीण वाईट असते असं नाही, पण बोलणं बदलतं. ज्या ग्रुपला ते बदलू द्यायचं नाही, त्यांचं अगदी बरोबर आहे.

'मीही ब्राउन आहे, मलाही इथे सोसावं लागतं' हे कारण पुढे करून दार ठोठावू नका. आपण बहुतेक जणी विमानाने, डिग्री घेऊन आलो. सोसणं खरं असेल, पण ते वेगळं.

बोलावणं आलं की चालवणाऱ्या बाईंना स्वतः मेसेज करा. मी अमुकची मैत्रीण, ब्लॅक नाही, आले तर चालेल का, आणि येताना काय आणू, एवढंच विचारायचं. दुसऱ्या खेपेला मी उत्साहाच्या भरात 'आमच्या मंडळातल्या आणखी चौघी येतील' असं कळवलं होतं. उत्तर गोड आलं: यावेळी तू एकटीच ये. विचार करा, दहाजणींत पाच पाहुण्या झाल्या तर तो ग्रुप कुणाचा राहिला?

नवरा, मुलं, कुत्रा, सगळ्यांचं उत्तर आधी विचारल्याशिवाय 'नाही' असंच धरा.

## २. निघण्याआधी थोडं वाचून जा

'अरे वा, ब्लॅक बायकाही आता निसर्गाकडे वळू लागल्या!' हे वाक्य मी बोलले होते. गाडीत. पुढच्या सीटवर सत्तरीच्या एक आजी होत्या. त्या मागे वळून म्हणाल्या, "बेबी, हॅरिएट टबमन काय उबर करून गेली होती?"

हॅरिएट टबमन जन्मली मेरिलँडच्या डॉर्चेस्टर काउंटीत, १८२२ च्या सुमारास, गुलाम म्हणून. लहानपणी दलदलीत उतरून मस्करॅटचे (पाणथळीतला उंदरासारखा प्राणी) सापळे तपासायचं काम तिच्याकडे होतं. पुढे ती वडिलांबरोबर लाकूडतोडीला जायची. १८४९ मध्ये ती निसटली आणि नंतर सुमारे तेरा वेळा परत येऊन सत्तरएक माणसं सोडवून घेऊन गेली. रात्रीच्या अंधारात, ध्रुवतारा धरून. कुठलं पाणी पायी ओलांडता येतं, कुठल्या झाडीत माणूस दडतो, हे तिला त्या बालपणातल्या कामांनी शिकवलं होतं. चर्च क्रीक गावाजवळ तिच्या नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, २०१७ पासून तिथे माहिती केंद्रही आहे. वॉशिंग्टनहून दोन तासांवर. जमलं तर पहिल्या हाइकच्या आधीच जाऊन या.

मग या बायका ट्रेलवर कमी का दिसतात? याचं एक उत्तर आमच्या शेनान्डोआ नॅशनल पार्कातच, पार्कातून जाणाऱ्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्याच्या साडेसत्तावन्नाव्या मैलावर आहे. लुइस माउंटन. १९३९ मध्ये ही जागा 'निग्रो एरिया' अशी पाटी लावून उघडली. (तो शब्द पाटीवरचा, म्हणून इथे लिहिला.) बाकीच्या पार्कातली जेवणघरं, राहायच्या जागा गोऱ्यांच्या. १९४५ मध्ये वॉशिंग्टनहून सगळ्या नॅशनल पार्कांसाठी भेदभाव बंद करण्याचा हुकूम निघाला, पण या पार्कात तो पूर्णपणे अमलात यायला १९५० उजाडलं. आपल्याला यात नवल वाटायला नको. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं १९२४ मध्येच सर्वांना खुलं केलं होतं, कागदावर. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तिथलं पाणी प्यायला जावं लागलं, आणि त्यानंतर त्या माणसांनी मारही खाल्ला.

लुइस माउंटनचा कॅम्पग्राउंड आजही चालू आहे, पार्कातला सगळ्यात छोटा. आमचा ग्रुप वर्षातून एकदा तिथे मुक्काम करतो. आजींची आई लग्नानंतर तिथे सहलीला आली होती. जेवण बुटाच्या खोक्यात बांधून आणलेलं, कारण वाटेत कुठलं हॉटेल आत घेईल याचा भरवसा नव्हता. 'शूबॉक्स लंच' हा शब्द तुमच्या कानावर पडेल, तो हा. आजी अजूनही डबा तशाच खोक्यात आणतात, आत मेणकागद घालून.

जंगलाची दुसरी बाजूही आहे. १८७७ ते १९५० या काळात जमावाने ठार मारलेल्या ब्लॅक माणसांची संख्या चार हजारांच्या वर नोंदली गेलीय. त्यातली कितीतरी झाडांना लटकवून मारलेली. ज्या घरांत हे घडलं त्या घरांतल्या आज्या नातींना 'रानात जाऊ नकोस' म्हणाल्या, ते अस्वलाच्या भीतीने नव्हे. आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. २५ मे २०२० च्या सकाळी ख्रिश्चन कूपर हा ब्लॅक पक्षीनिरीक्षक न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात होता. त्याने एका गोऱ्या बाईला कुत्र्याला पट्टा लावायला सांगितलं, तर तिने 'एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस मला धमकावतोय' म्हणून पोलिसांना फोन लावला. त्याच संध्याकाळी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला.

आता ग्रुपांबद्दल. रू मॅप यांनी २००९ मध्ये ओकलंडला 'आउटडोर ॲफ्रो' सुरू केलं, ते बाया-बाप्ये सगळ्यांसाठी. २०१४ मध्ये शहरात पोलिसी हिंसेविरुद्ध निदर्शनं पेटलेली असताना त्या लोकांना घेऊन रेडवूडच्या जंगलात चालायला गेल्या. अशा चालण्याला त्या 'हीलिंग हाइक' म्हणतात. 'गर्लट्रेक' मॉर्गन डिक्सन आणि व्हेनेसा गॅरिसन या दोघींनी उभं केलं. त्यांचं म्हणणं साधं आहे: रोज तीस मिनिटं चाला, आपल्याच गल्लीत का होईना. ब्लॅक बायकांचं बाळंतपणात दगावण्याचं प्रमाण या देशात गोऱ्या बायकांच्या सुमारे तिप्पट आहे. चालणं हा त्यांच्यासाठी निव्वळ छंद नाही हे यावरून कळावं. इंग्लंडात असाल तर तिथेही रियान फॅटिनिकन यांनी २०१९ मध्ये सुरू केलेला 'ब्लॅक गर्ल्स हाइक' आहे.

एवढं माहीत असलं तरी पुरे. तिथे जाऊन ते बोलून दाखवायची गरज नाही.

## ३. पहिला ट्रेल सोपाच घ्या

वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या देशी मंडळींना 'ओल्ड रॅग' नावाच्या डोंगराचं वेड लागलेलं असतं. नऊएक मैल, वर खडकांतून हातापायांनी सरपटायचं. पहिल्या वेळी नको. शिवाय मार्च ते नोव्हेंबर त्यासाठी वेगळं तिकीट आधी काढावं लागतं, ते न काढता गेलेल्या दोन गाड्या माझ्या ओळखीत आहेत.

आमच्या ग्रुपमध्ये नवीन बाई असली की दोनपैकी एक ट्रेल ठरतो. एक लिंबरलॉस्ट, त्रेचाळिसाव्या मैलावर. सव्वा मैलाचा सपाट फेरा, गुडघे दुखणाऱ्या बाईलाही जमतो. दुसरा स्टोनी मॅन, जाऊन-येऊन दीड-पावणेदोन मैल. माथा ४,०११ फूट, पण गाडीच तुम्हाला बरीचशी उंची चढवून देते, चालून चढायचे ते साडेतीनशेच्या आसपास. वर गेलं की सगळं शेनान्डोआचं खोरं पायाखाली.

स्टोनी मॅनच्या वाटेचा काही भाग ॲपलेशियन ट्रेलचाच आहे, जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारा सुमारे २,२०० मैलांचा. झाडांवर पांढरे पट्टे दिसले की तुम्ही त्यावर आहात. निळे पट्टे म्हणजे बाजूच्या पायवाटा, पिवळे म्हणजे घोड्यांच्याही वाटा. फाट्यावर सिमेंटचे खांब असतात, त्यांच्या पत्र्याच्या पट्टीवर नाव आणि अंतर कोरलेलं असतं. फोनला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. नकाशा घरी वायफायवर उतरवून घ्या.

## ४. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं:

- ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी. गाडी तुम्ही चालवणार नसाल तरी.
- विमा कार्ड, आणि तातडीच्या दोन नंबरांची चिठ्ठी. फोन बंद पडला तर चिठ्ठीच कामाला येते.
- पार्कचा पास. शेनान्डोआला एका गाडीचे ३० डॉलर, सात दिवस चालतात. सगळ्या नॅशनल पार्कांचा वार्षिक पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलरला मिळतो. २०२६ पासून बाहेरून येणाऱ्यांना तोच २५० ला आहे. म्हणून लायसन्स जवळ हवंच. सासू-सासरे पाहुणे आलेले असतील तर हा हिशोब आधीच करा.

फुकट प्रवेशाचे काही दिवस असतात. २०२५ पर्यंत त्यांत मार्टिन लूथर किंग दिन आणि जुनटीन्थ (१९ जून, गुलामगिरी संपल्याचा दिवस) हे दोन्ही होते. २०२६ च्या यादीतून दोन्ही गेले आणि १४ जून आला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा वाढदिवस. ग्रुपमध्ये हा विषय निघतोच. निघाला तर फक्त ऐका.

सामान: दोन लिटर पाणी. पकड असलेले बूट (गावाकडून आणलेले ॲक्शनचे ट्रेकिंग बूट अजून टिकून असतील तर उत्तम, माझे तेच आहेत). लांब पँट, लांब मोजे. पावसाचं जॅकेट, आकाश कितीही निरभ्र असलं तरी. शिट्टी, बॅटरी, बँडएड, आपली औषधं. एक खुरपं, ते कशाला ते पुढे सांगते. सुती कपडे थंडीत नकोत, घामाने ओले झाले की अंगावर गार फडकं.

काठ्या विकत घेऊ नका. ग्रुपमध्ये कुणाकडे तरी जास्तीच्या असतात.

## ५. गाडी आणि वाट

हे आपल्याला सहसा सुचत नाही म्हणून वेगळं लिहितेय. आमच्या ग्रुपचे नियम: सगळ्या गाड्या एकामागे एक. पेट्रोल मोठ्या गावातच भरून घ्यायचं, आडबाजूच्या पंपावर थांबायचं नाही. वेग मर्यादेच्या आत, स्कायलाइन ड्राइव्हवर ती ताशी ३५ मैल आहे. अंधार पडायच्या आत डोंगराखाली.

पहिल्या वेळी मी हायवेवरून उतरून एका एकुलत्या पंपावर कॉफीसाठी गाडी वळवली. मागच्या सीटवरच्या दोघी गप्प झाल्या. आम्ही आत गेलो, कॉफी घेतली, बाहेर आलो. काहीही झालं नाही. पण त्या दहा मिनिटांत त्या दोघींनी एकदाही पाठ दाराकडे केली नाही, हे मला नंतर लक्षात आलं. आता मी नियम पाळते, कारण विचारत नाही.

ट्रेलवर कुणी टोचून बोललं, रोखून पाहिलं, 'तुम्ही सगळ्या कुठल्या संस्थेच्या?' असं विचारत राहिलं, तर उत्तर द्यायचं की नाही हे ग्रुपची लीडर ठरवते. तुम्ही झाशीची राणी व्हायचं नाही. तुमच्या आवाज चढवण्याचं बिल दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर फाटू शकतं.

## ६. सुरुवातीचं रिंगण

पार्किंगमध्ये उतरल्या उतरल्या चालायला लागू नका. आधी रिंगण होतं. सगळ्या जणी गोल उभ्या राहतात, नाव सांगतात, आज शरीर कसं आहे ते सांगतात. 'गुडघा बरा नाही', 'रात्रपाळी करून आलेय', 'मुलगा कॉलेजला गेला परवा'. ठीक आहे म्हणून मोकळं व्हायला हरकत नाही. पण 'आय ॲम फाइन' हे तीन शब्द तिथे जरा पातळ वाटतात.

मग कधीकधी आजी पाण्याची बाटली उघडतात. बाजूच्या एका झाडाच्या मुळाशी, गवतावर, थोडं थोडं पाणी सोडतात आणि एकेक नाव घेतात: त्यांच्या आईचं, आजीचं, हॅरिएटचं. प्रत्येक नावाला बाकीच्या म्हणतात, "आशे." आफ्रिकेतल्या योरुबा भाषेतला शब्द, तथास्तूच्या जवळचा. याला त्या लिबेशन म्हणतात. कुणाला आपल्या माणसाचं नाव घ्यायचं असेल तर बाटली पुढे सरकते.

मला आधी वाटलं, हे आपल्याला काय जमायचं. मग बोटांवरून पाणी पडताना पाहिलं आणि घाटावर काका दर्भ धरून बसलेले आठवले. तर्पणाला आमच्या घरात बायकांना कधी कुणी बसवलं नव्हतं. बाटली माझ्यापर्यंत आली. बाहेरून घाम सुटलेली स्टीलची बाटली, तळाला पोचा पडलेला. मी आईचं नाव घेतलं. नुसतं नाव, मागे बाबांचं नाव नाही, आडनाव नाही. अकराजणी म्हणाल्या, "आशे." नावाचा उच्चार त्यांना धड आलाही नसता, पण तो त्यांना करायचाच नव्हता.

मार्गदर्शक लेखात हे लिहायचं का असा प्रश्न मला पडला होता. लिहिलं, कारण सूचना यातूनच निघते. बाटली पुढे आली तर घ्यायची सक्ती नसते, हात जोडून पुढे सरकवली तरी चालते. 'आमच्यातही अगदी असंच असतं!' असं तिथल्या तिथे सांगू नका. आणि फोन खिशातच राहू दे.

## ७. चालताना

सगळ्यात पुढे लीडर, सगळ्यात मागे एक जण, तिला स्वीप म्हणतात. कुणीही लीडरच्या पुढे जायचं नाही आणि स्वीपच्या मागे राहायचं नाही. वेग ठरतो सगळ्यात हळू चालणाऱ्या बाईवरून. सह्याद्रीतल्या आपल्या 'किती तासांत चढलात?' या प्रश्नाला इथे काही अर्थ नाही. मी पहिल्याच दिवशी टणाटण वर जाऊन दगडावर बसले होते, वाट बघत. मला वाटलं कौतुक होईल. स्वीपबाई वर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "एकटीच आलीस का तू?"

वाटेत दहा-पंधरा मिनिटं मौनाची असतात. कुणी रडतं. रडणाऱ्या बाईला मिठी मारायला धावू नका, पाण्याची बाटली द्या आणि बाजूने चालत राहा. आणि हे औषध नाही, हेही लक्षात असू द्या. माझी झोप परत आली ती चालण्याने आणि काउन्सेलरकडे गेल्याने, दोन्हींनी मिळून. मनात फारच अंधारून आलं तर ९८८ हा मदतीचा नंबर आहे, अमेरिकेत कुठूनही, रात्रंदिवस.

काय बोलू नये, त्याची माझ्या खात्यावरची यादी:

केस. पाऊस आला तसा सगळ्यांनी सॅटिनचे स्कार्फ, अस्तर लावलेल्या टोप्या काढल्या. मी म्हणाले, "भिजू द्या की, केसच तर आहेत!" त्या केसांच्या मागे अख्खा रविवार असतो, धुणं, तेल, वेण्या, सहा-सहा तास. आणि ऑफिसात ते केस 'नीटनेटके' दिसत नाहीत म्हणून ऐकून घेतलेलं असतं ते वेगळंच. केसांना हात लावायचा नाही, लावू का असं विचारायचंही नाही.

अंग. 'बारीक झालीस गं' हे आपल्याकडे कौतुक असतं, इथे नको. कुणाचं वजन कमी करायला हा ग्रुप नाही.

मूळ. 'आफ्रिकेत नेमक्या कुठल्या?' ज्यांच्या पणजोबांची नावंच पुसून टाकली त्यांना हा प्रश्न विचारताना आपल्याला काय सुचत असतं कोण जाणे.

मराठीतली कुजबुज. दोघी मराठी असाल तर आपसात 'त्या काळ्या बाईला विचार' वगैरे बोलू नका. शब्द कळला नाही तरी सूर कळतो.

आणि एक सापळा माझ्यासारख्या वाचणाऱ्या बायकांचा. एकदा उताराला एकीने विचारलं, तुमच्याकडे आमच्याबद्दल काही शिकवतात का? मी मोठ्या उत्साहाने जोतिराव फुल्यांचं सांगितलं: १८७३ सालचं 'गुलामगिरी', आणि ते त्यांनी अर्पण केलं गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. ती थांबली. खरंच आवडलं तिला. मग विचारलं, "आणि आज तुझ्या घरी माझ्यासारखा जावई आला तर?" मला व्हर्जिनियातल्या आमच्या मंडळींची 'त्या भागात घर घेऊ नका हं' ही वाक्यं आठवली, कुणाकुणाच्या लग्नातली कुजबुज आठवली. पुढे अर्धा मैल उतार होता. फुल्यांचं नाव जरूर सांगा, पण पुढच्या प्रश्नाची तयारी ठेवून.

## ८. खाणं आणि बाकीचं

चिक्की नेणार असाल तर आधी ॲलर्जी विचारा. शेंगदाणा आणि तीळ, दोन्हींची ॲलर्जी कुणाला तरी असू शकते. राजगिऱ्याची वडी सहसा निभावते, आमच्या ग्रुपमध्ये तिला आता माझ्या नावाने ओळखतात. शाकाहारी असाल तर आपला डबा आपण न्या आणि दुसऱ्यांच्या डब्याकडे पाहून नाक मुरडू नका.

संत्र्याची साल, शेंगांची टरफलं, सगळं परत आणायचं. 'कुजून जाईल' हे गडावरचं उत्तर इथे चालत नाही, अस्वलं वासाला येतात.

खुरपं आता. ट्रेलवर संडास नसतात. वाट आणि पाणी यांपासून दोनशे फूट लांब, सहा इंच खोल खड्डा, मग माती लोटायची. कागद आणि पॅड झिपच्या पिशवीत घालून परत. लाजू नका, लीडरला सांगून जा. दुसरी बाई हाकेच्या अंतरावर पाठ करून उभी राहते.

आडवाटेला शिरताना पॉयझन आयव्ही बघा. पळसाला पानं तीनच, तशी हिलाही तीनच, मधल्याचा देठ लांब. तिला लागलात तर आठवडाभर खाजवत बसाल.

## ९. परत आल्यावर

गोचीड. व्हर्जिनियात हा गमतीचा विषय नाही, तिच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये, कडक गरम, दहा मिनिटं. मग अंघोळ, आणि गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कानामागे, केसांत बोटं फिरवून तपासा. चिकटलेली सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल, काडी, चुना काही नाही. सहसा दिवसभराहून जास्त चिकटून राहिली तरच लाइमचा धोका असतो, म्हणून त्याच रात्री बघायचं. अंगावर चट्टा किंवा ताप दिसला तर डॉक्टरांना 'हाइकला गेले होते' हे आधी सांगा.

फोटो. ज्यात दुसऱ्या बायका आहेत तो फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका, मंडळाच्या व्हॉट्सॲपवर तर नाहीच. कुणी आजारपणाची रजा टाकून आलेली असते, कुणी नवऱ्यापासून लांब राहत असते. रिंगणात ऐकलेलं घरी नवऱ्यालाही सांगायचं नाही.

शेवटचं काम म्हणजे ग्रुपवर 'घरी पोचले' असा मेसेज. पहिल्या खेपेला मी विसरले. ड्रायर लावला, अंघोळ केली, पिठलं-भात खाऊन सोफ्यावरच डोळा लागला, कितीतरी दिवसांनी. साडेनऊला फोन वाजला. आजी होत्या. बाकी सगळ्यांचे मेसेज आले होते आणि त्या माझ्या एकीसाठी जाग्या होत्या.

"यू होम, बेबी?"